फत्तेसिंग मास्तरांच्या बँडचं पान आणि कुक्षीच्या मिरच्या

धार,
मार्च २००३

चि. माधव यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (अनेक उत्तम आशीर्वाद असं लिहायची रीत आहे, पण अनेक म्हणजे किती हे मला कधी उमगलं नाही. पोटभर म्हटलं की समजतं.)

तुला आठवतं का रे, देवासला आपण मागच्या दारी मटार सोलत बसायचो? थंडीचे दिवस, आई सुपात शेंगा ओतून आत जायची, आणि भिंतीपलीकडे फत्तेसिंग मास्तर आपल्या माणसांकडून एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटून घेत असायचे. कुणाचा सूर चुकला की तू एक दाणा तोंडात टाकायचास. तोंडानं काही बोलायचा नाहीस, मान वर करायचा नाहीस, फक्त दाणा. लग्नसराई जवळ आली आणि मास्तरांनी नवी माणसं घेतली की आपल्याकडे मटारभातात नुसता भात असायचा. आई बिचारी कायम भाजीवाल्याला बोल लावायची. काल इथे यंदाचे शेवटचे मटार सोलताना मला ते सगळं आठवलं आणि म्हटलं, आज माधवला लिहायचंच.

तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतोस ना? अंबरीशची बदली टळली का? ऋजुताची कंबर कशी आहे? (सुनेच्या कंबरेची चौकशी सासऱ्याकडे करावी की नाही ते मला नक्की ठाऊक नाही, चूक असेल तर हे वाक्य तिला वाचून दाखवू नकोस.) माझा गुडघा आहे तसाच आहे. तुझे भाऊजी मजेत आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण अजून घरात आलेल्या कागदावर पोच म्हणून सही करतात, लग्नपत्रिकेवरसुद्धा.

तुझी कुमुद गेल्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. तेव्हापासून फोनवर तू दोनच शब्द बोलतोस, "बरं आहे." पाऊस विचारला तरी बरं आहे, गुडघा माझा दुखतो म्हटलं तरी बरं आहे. म्हणून मागच्या महिन्यात "ताई, तिखट फर्मास आहे गं, कुठून आणलंस?" असं अख्खं वाक्य तुझ्या तोंडून आलं तेव्हा मी रिसीव्हर ठेवून तुझ्या भाऊजींना ते सांगायला गेले. कुठून आणलं ते सांगायचं राहूनच गेलं. ते आता सांगते, पण ओळीनं सांगू दे, कारण ती ओळ माझी मलाच धड सापडत नाही. गेले चार महिने इथे काय चाललं आहे हे मला पूर्ण कळलेलं नाही. तू शहाणा आहेस, तुला कळलं तर मला कळव.

सुरुवात नीरजापासून झाली. आमची सून शाळेत कॉम्प्युटर शिकवते हे तुला माहीत आहेच. आमचा योगेंद्र पीथमपूरच्या कारखान्यातून येतो तो थेट जेवतो आणि झोपतो, त्यामुळे घरातला कॉम्प्युटर नीरजाचाच. त्याला झालर लावलेलं कव्हर आहे, आणि संक्रांतीला तिनं त्याला हळदकुंकू लावलं ते मला फार आवडलं. तर दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "आई, नववीच्या मुलींना प्रोजेक्ट द्यायचं आहे. आपल्या आवडत्या बँडचं इंटरनेटवर पान करायचं. पहले आप पर ट्राय करती हूँ. तुम्हाला जमलं तर सगळ्यांना जमेल."

(या वाक्याचा राग यायला हवा होता असं मला दोन दिवसांनी वाटलं. पण तोवर आमचं पान अर्धं झालं होतं.)

नमुना म्हणून तिनं मला एका परदेशी बँडचं पान दाखवलं. जगात कुठल्या तरी मुलीनं घरबसल्या केलेलं. पाच मुलगे, केस जास्त आणि वाद्यं कमी. त्या मुलीनं त्यांचे वाढदिवस लिहिले होते, कुणाला कुठली भाजी आवडत नाही ते लिहिलं होतं, आणि खाली चांदण्या लुकलुकत होत्या. मला एकदम भरून आलं. म्हटलं, काय माया आहे! ज्यांना कधी भेटली नाही त्यांच्यासाठी हिनं एवढं केलं, आणि आपण ज्यांच्या भिंतीला पाठ टेकून लहानाचे मोठे झालो त्यांच्यासाठी काय केलं? मी सांगितलं, माझा आवडता बँड फत्तेसिंग मास्तरांचा, देवास.

नीरजा म्हणाली, "आई, वो शादीवाला बँड?"

मी म्हटलं, "अगं, लग्नाला नाही वाजवायचा तर बँड ठेवायचा कशाला?"

मग लिहायला बसले. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजीत लिहिलं. महूच्या कॉन्व्हेंटमधल्या आमच्या इंग्रजीच्या सिस्टर सांगायच्या की जे आवडतं त्याच्याबद्दल नेहमी वर्तमानकाळात लिहावं, म्हणजे ते जिवंत राहतं. मी तसंच लिहिलं. फत्तेसिंग मास्तरांचा बँड लग्नात वाजतो. मास्तर शिस्तीचे आहेत. पितळ इतकं लखलखीत असतं की नवरदेव त्यात मिशी पाहून घेतो. इंग्रजी एकदम जुन्या वळणाचं उतरलं. माधव, मला स्वतःलाच वाचून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. पण या वर्तमानकाळानंच पुढे घात केला, ते येईलच.

टोप्यांचं मात्र नीरजाला सविस्तर सांगावं लागलं. एका गावात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राजे, मोठी पाती आणि धाकटी पाती, यावर तिचा विश्वासच बसेना. (ती जबलपूरची. तिकडे एका गावाला एक राजा पुरतो असं दिसतं.) मी सांगितलं की आपल्या लहानपणी संस्थानं विलीन झाली होती पण ऐट विलीन झाली नव्हती. मोठ्या पातीच्या माणसाला दारात लाल टोपीचा बँड हवा, धाकट्या पातीच्या माणसाला पिवळ्या टोपीचा, आणि वरात तर दोन्हीकडून जायची. मग मास्तरांनी काय केलं? प्रत्येकाच्या पट्ट्यात दुसरी टोपी खोचून दिली. रस्त्याच्या मध्यावर आलं की सगळी वाद्यं थांबायची, फक्त कॉर्नेट, म्हणजे तो आखूड पितळी कर्णा, एकटा वाजत राहायचा, आणि तेवढ्यात बाकीचे लाल काढून पिवळ्या घालायचे. चाल तुटायची नाही, पाऊल थांबायचं नाही. ती टोपीची चाल मास्तरांनी स्वतः बांधलेली. नीरजानं विचारलं, "मग कॉर्नेटवाल्याची टोपी कोण बदलणार? त्याचे तर दोन्ही हाथ बिझी." बघ, हुशार आहे मुलगी. मी सांगितलं की कॉर्नेट मास्तर स्वतः वाजवायचे, आणि त्यांच्या डाव्या अंगाला एक पोरगा चालायचा, तो बदलायचा. तो पोरगा म्हणजे माझा भाऊ.

आणि मग ते लग्न सांगितलं. मास्तरांच्या दाढा सुजल्या होत्या आणि त्यांनी कॉर्नेट तुझ्या हातात दिला, ते. तू चौदा वर्षांचा. टोपी नाकापर्यंत ओढलेली, कारण आपले अण्णा वरातीत होते. रस्त्याच्या मध्यावर सगळे थांबले, तू टोपीची चाल धरलीस, आणि तेव्हा लक्षात आलं की तुझी टोपी बदलायला कुणी ठेवलेलंच नाही. मी बायकांच्या घोळक्यातून निघाले, भर रस्त्यात तुझ्या डाव्या बाजूला गेले आणि बदलली. अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. (तुझ्याशी बोलले. म्हणाले, तिसऱ्या ओळीत श्वास कमी पडला.)

फोटो तोच टाकला आहे, बँडचा गटफोटो, पुढे जमिनीवर मांडी घालून तू. गावातल्या स्टुडिओत तो यंत्रावर पालथा घालून घेतला. पानाच्या चारी कडांना लाल-पिवळ्या टोप्या लुकलुकतात. पाहताना डोळ्यांना त्रास होतो, पण आनंदही होतो.

पान पुरं झाल्यावर मी विचारलं, हे आहे कुठे? नीरजा म्हणाली सर्व्हरवर. सर्व्हर कुठे आहे? अमेरिकेत. म्हणजे फत्तेसिंग मास्तर, जे शाजापूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत, ते आता अमेरिकेत असतात. आपण कॉम्प्युटर बंद केला तरी तिथे ते चालू असतात का? असतात म्हणे. मी रोज सकाळी आंघोळ करून पान उघडायची आणि खाली किती लोक येऊन गेले तो आकडा पाहायची. आकडा रोज वाढायचा. मी गल्लीत सांगितलं, पेढे वाटायचं ठरवलं. मग तुझ्या भाऊजींनी ताळा करून दाखवला की आकडा वाढतो तो मीच रोज येते म्हणून. मला जरा वाईट वाटलं. पण मग म्हटलं, मीही त्या बँडची पाहुणीच की.

पानाच्या खाली पाहुण्यांना अभिप्राय लिहायची जागा असते. तिथे पहिला खरा पाहुणा आला तो शारजाहून. देवासचाच, आजोबा मोठ्या पातीकडे कारभारी. त्यानं लिहिलं, पान छान आहे पण लाल टोपी पहिली होती हे ठळक लिहा. दुसऱ्याच दिवशी बडोद्याहून एक आला, धाकट्या पातीचा. तो म्हणाला, मास्तर मनानं पिवळ्या टोपीचे होते, लाल टोपी नाइलाजानं. मग जे जुंपलं! माधव, दोन्ही संस्थानं जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, दोघंही माणसं कपाळावर घाम न येणाऱ्या खोलीत बसणारी, आणि भांडण पाहावं तर जणू उद्या सकाळी दरबार आहे. नीरजा म्हणाली, "आई, इग्नोर करा." पण आपल्या घरी आलेले पाहुणे भांडत असताना गप्प कसं बसायचं? मी दोघांनाही लिहिलं, आपण कोणाचे, आजोळ कोणतं, आईचं माहेर कुठलं. उत्तरं आली त्यावरून निघालं की दोघं सख्खे मावसभाऊ, लहानपणी एका ताटात जेवलेले, टोपणनावं घेतल्यामुळे ओळख पटली नव्हती. मग दोन दिवस अगदी शांत गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पण आता एकमेकांच्या घरच्या गोष्टी काढून.

या धामधुमीत कुक्षीच्या जगदेवरावांचा मजकूर आला.

जगदेवराव म्हणजे मोठे बागाईतदार, कापूस आणि मिरची. त्यांच्या मुलानं इंदूरला आमचं पान पाहिलं आणि घरी फोन करून सांगितलं. मजकूर असा, की माझ्या आई-वडिलांच्या लग्नात देवासला हाच बँड होता. आई आता ऐंशीच्या घरात आहे. नवी नवरी असताना तिनं टांग्यात बसून पदराच्या फटीतून त्या टोप्या बदलताना पाहिल्या होत्या, आणि त्या दिवशी तेवढ्या एका गोष्टीनं तिचं रडू थांबलं. मी लहान असताना ती चाल गुणगुणत मला निजवायची. आता अक्षय्य तृतीयेला धारला माझ्या मुलीचं लग्न आहे. आई म्हणते, तो बँड असेल तर मी गाडीत बसते, नाही तर मला घरीच राहू द्या. कृपया कळवावे.

आता सिस्टर काय सांगायच्या? आमंत्रण आलं की त्याच दिवशी लेखी उत्तर द्यायचं, होय किंवा नाही. आणि "नाही"ला सबळ कारण लागतं. मला "नाही"साठी कारण सापडेना. शिवाय मला वाटलं की हा मजकूर त्या पानावर पडला म्हणजे तो आपोआप बँडकडे गेला असणार, आपण फक्त मधल्या मध्ये सौजन्य दाखवायचं. म्हणून मी लिहिलं, फत्तेसिंग मास्तरांचा बँड आपल्या आमंत्रणाचा आनंदानं स्वीकार करत आहे.

संध्याकाळी नीरजानं ते वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "आई, तुम्ही बुकिंग घेतलं!"

"कुणाचं?"

"बँडचं!"

"पण बँड तर नाहीये."

"वही तो!"

पुढच्या आठवड्यात कुक्षीहून जीप आली आणि लाल मिरच्यांचं एक पोतं उतरवून गेली. मला वाटलं, काय दिलदार माणसं, नुसत्या गोड उत्तराबद्दल पोतंभर मिरच्या! मी त्या वाळवल्या, डंकावरून कुटून आणल्या, गल्लीत वाटल्या, तुला पाठवल्या. आमच्या शेजारचे नीलकंठ तिकडे पुण्याला मुलीकडे जात होते, त्यांच्याबरोबर. हेच ते फर्मास तिखट. तर कुठून आणलं याचं उत्तर, कुक्षीहून.

यानंतर तुझे भाऊजी म्हणाले, प्रकरण निकाली काढायला पाहिजे. आम्ही बस धरून देवासला गेलो. (गुडघा म्हणाला नको, पण मी त्याचं ऐकलं नाही.) आपल्या मागच्या भिंतीपलीकडे आता फत्तेसिंग मास्तरांच्या मुलाचं, संताजीचं, दुकान आहे, आणि त्यात माणसाएवढ्या उंचीचे काळे भोंगे आहेत, डीजेचे. संताजी म्हातारा झाला रे. दारात मला पाहून ओळखेना. मग मी भिंतीकडे बोट दाखवलं तेव्हा म्हणाला, "अरे, मटारवाली ताई!" म्हणजे मास्तरांना माहीत होतं. भिंतीपलीकडे कुणी दाणे मोजतं हे ते आपल्या माणसांना सांगायचे म्हणे, "चुको मत, उधर बच्चे का पेट खराब होगा."

मी पानाची छापील प्रत दाखवली. त्यानं ती वाचली नाही, नुसती फोटोवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताईजी, बँड तो कब का उठ गया. बाबूजींच्या मागं दोन वर्षं ओढला. आता लोकांना हेच पाहिजे." आणि एका भोंग्याला चापट मारली.

मी म्हटलं बरं, मग जगदेवरावांना तसं कळवते. आणि सहज बोलता बोलता मिरच्यांचं सांगितलं. तो ताडकन उठला.

"मिरच्या कशाच्या?"

"भेट पाठवली त्यांनी."

"और आपने क्या किया?"

"कुटल्या."

"खाल्ल्या?"

"चांगल्या आहेत."

"ताईजी, ती भेट नाही, बयाना आहे, बँडचा विसार! त्या बाजूची मोठी घरं बयाना शेतातल्या मालानं देतात. परत करता आला असता. पण बयाना खाया, तो बजाना पड़ेगा. ज्यानं ज्यानं खाल्ला त्यानं." आणि डोक्यावर हात मारून खाली बसला. तुझे भाऊजी म्हणाले, लेखी नियम आहे का? संताजी म्हणाला, "भिया, लिखे हुए से तो आदमी पलट भी जाए."

मग तोच उठला, आतून दोन पत्र्याचे डबे घेऊन आला. एकात लाल टोप्या, एकात पिवळ्या, डांबराच्या गोळ्या घालून जपलेल्या. मला वाटतं त्याला ते डबे उघडायला कारणच हवं होतं.

त्यानंतरचा महिना नुसता माणसं गोळा करण्यात गेला. ताशावाला सरदारपुरात सापडला, त्यानं आता तंबू-कनातीचं दुकान घातलं आहे. मोठा भोपू वाजवणारा डही गावात मुलाकडे, त्याची सगळी कवळी बदलून आणावी लागली. (जुन्या कवळीनं फुंकलं की कवळीच पुढे जायची.) संताजी स्वतः ढोल. त्याचे दोन पुतणे झांजांवर. आता दर रविवारी आमच्या अंगणात तालीम होते आणि मी सगळ्यांना पोहे करते. गल्लीतले लोक आधी तक्रार करायला आले, आता ऐकायला येतात. गेल्या आठवड्यात वाणीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे लग्न कुणाचं आहे? मी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली.

आता एकच उणीव आहे. कॉर्नेट वाजवणारा नाही. कॉर्नेटशिवाय हा बँड म्हणजे वऱ्हाड आलं, वाजंत्री आली आणि नवरा विसरला. इंदूरचा एक तरुण ट्रम्पेटवाला आणून पाहिला. संताजीनं त्याला जेवढं आठवतं तेवढं गुणगुणून दाखवलं, त्यानं ते छान घोळवून वाजवलं, शेवटी एक सिनेमातली हरकतही घातली. आम्ही कुक्षीला फोन लावला आणि जगदेवरावांच्या आईंच्या कानाला रिसीव्हर दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगा गुणी आहे. पण ही ती नव्हे." आणि रिसीव्हर परत दिला. जगदेवराव एवढंच म्हणाले की आईंनी लग्नाला जायची पैठणी पुन्हा ट्रंकेत ठेवली.

संताजीला पुरी चाल येत नाही. त्याला तिसऱ्या ओळीपर्यंतच आठवते. मास्तरांनी ती कधी लिहून ठेवली नाही. शिकवली एकालाच.

असो. इथली हकीकत ही अशी आहे. मी तुला काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, नुसतं कळवायचं म्हणून लिहिलं. तू दगदग करून घेऊ नकोस. एकटं वाटलं तर दुपारी फोन करत जा, आणि "बरं आहे" म्हणालास तरी मी ऐकून घेईन.

तुझी,
ताई

ता. क. तुझा कॉर्नेट माझ्या कपाटात सुखरूप आहे. कुमुदच्या तेराव्यानंतर तू इथे आलास, तो कपाटात ठेवलास आणि म्हणालास, "ताई, असू दे तुझ्याकडे." मी तेव्हा का म्हणून विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवला आहे. दर महिन्याला पुसते. कुमुद पोळ्या लाटता लाटता लाटण्यानं पोळपाटावर ठेका द्यायची ना तुला, ते पुसताना नेमकं आठवतं. तिला टोपीची चाल पाठ होती. "यांची तिसरी ओळ आली की पोळी उलटायची" असं मला म्हणाली होती.

ता. क. दुसरा. पानावर कोण काय वाजवतो त्याची यादी घालायची असते असं नीरजा म्हणाली, म्हणून मी कॉर्नेटपुढे तुझं नाव घातलं. वर्तमानकाळात. आता काढायला गेलो तर नीरजा पानाची किल्ली असलेला शब्दच विसरली आहे, त्यामुळे अमेरिकेत ते तसंच राहणार. शारजाचे आणि बडोद्याचे दोघंही अक्षय्य तृतीयेला येणार आहेत, तू कुठल्या टोपीनं सुरुवात करतोस ते पाहायला. धारला पात्या नाहीत, म्हणून जगदेवरावांनी ठरवलं आहे की मुलीकडच्या मांडवापर्यंत लाल आणि पुढे मुलाकडची पिवळी. दोघांनाही हे मान्य नाही.

ता. क. तिसरा. संताजीनं मला विचारलं की ते तिखट आणखी कुणी कुणी खाल्लं. मला खोटं बोलता येत नाही. मी तुझं नाव सांगितलं, आणि तू फर्मास म्हणालास तेही. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला. तुझे भाऊजी इंदूरच्या स्टेशनवर जाऊन तुझं पुणे-इंदूर तिकीट काढून आले आहेत आणि त्यांनी त्यावर पोच म्हणून सहीसुद्धा केली आहे. ते या पाकिटातच आहे.

ता. क. शेवटचा. सोबतचं पार्सल नीलकंठ आणून देतील. त्यातलं कैरीचं लोणचं ऋजुताला. पानाची छापील प्रत अंबरीशला. त्याला म्हणावं फोटोत पुढे मांडी घालून बसलेला तुझा बाप आहे, नाकावरून ओळख. गुळपापडीचा डबा कुमुदच्या फोटोपुढे ठेव, आणि मग तू खा, ती एकटी कधी काही खायची नाही. लहान पितळी डबीत कॉर्नेटचं फुंकायचं टोक आहे, ते तुझं. दुपारी दार लावून त्यावर नुसता श्वास घोटत जा, तिसऱ्या ओळीचा. बाकीचा कॉर्नेट इथेच राहील. तळाशी कागदात लाल टोपी आहे, तीही तुझी, घरून घालूनच निघ म्हणजे हरवणार नाही. पिवळी मी कुणालाच दिलेली नाही. ती माझ्याजवळ आहे. ती हातात घेऊन मी तुझ्या डाव्या बाजूनं चालणार आहे, गुडघा काय म्हणायचं ते म्हणो.